जीन हॅकमन पाहायचा तर सुरुवात कुठून करावी?

जुन्या 'सुपरमॅन'मधला लेक्स ल्युथर आपल्यापैकी बऱ्याच जणांनी लहानपणी कधीतरी पाहिलेला असतो. विग घालणारा, जमिनीखाली राहणारा, स्वतःच्या हुशारीवर खूश असलेला तो खलनायक. त्या नटाचं नाव जीन हॅकमन. फेब्रुवारी २०२५ मध्ये, वयाच्या ९५ व्या वर्षी, न्यू मेक्सिकोतल्या सांता फे इथल्या घरी तो गेला. तेव्हापासून मला ओळखीतली तरुण मंडळी विचारतात, "त्याचं काय काय बघू आणि आधी काय बघू?" दर वेळी तुटक उत्तर देण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवावं म्हणून हा लेख. माझ्या दृष्टीने हॅकमन हा अमेरिकन सिनेमातला सर्वांत भरवशाचा नट आहे आणि तो योग्य क्रमाने भेटायला हवा.

क्रमाचं महत्त्व मी अनुभवाने शिकलो. मी पहिल्यांदा 'द कॉन्व्हर्सेशन' लावला आणि अर्ध्यातच सोडून दिला. सिनेमात काहीच कमी नव्हतं, पण हॅकमन कसा पाहायचा हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आज तोच सिनेमा मी त्याच्या कामांत सगळ्यात वर ठेवतो.

पायरी १: आधी त्याचं हसू ओळखा

अष्टपैलू नट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर वेगवेगळी सोंगं येतात. वाढवलेलं वजन, बदललेला आवाज, नकली नाक. हॅकमनकडे यातलं जवळजवळ काही नाही. उंच, जरा थोराड बांधा, विरळ होत चाललेले केस, गावातल्या बँकेत किंवा गॅरेजमध्ये भेटेल असा चेहरा. चाळीसेक वर्षं तो हाच चेहरा घेऊन वावरला, आणि तरी त्याचा पोलीस, त्याचा पाद्री, त्याचा प्रशिक्षक आणि त्याचा शेरीफ एकमेकांत मिसळत नाहीत. हे तो कसं करतो, हे शोधणं हाच त्याला पाहण्यातला खरा आनंद.

माझ्या हाती लागलेली एक खूण सांगतो. त्याला एक छोटंसं, घशातल्या घशात येणारं हसू आहे. ते प्रत्येक सिनेमात येतं, पण दर वेळी त्याचा अर्थ निराळा असतो. कधी ती मारहाणीची आगाऊ सूचना असते, कधी अपमान गिळायची युक्ती, कधी निव्वळ लबाडी, आणि एका सिनेमात ते हसू जवळपास नाहीसंच होतं. सिनेमा पाहताना त्या हसण्यावर लक्ष ठेवा. दुसरी गोष्ट, समोरचं पात्र बोलत असताना हॅकमनकडे बघा. तो ऐकणारा नट आहे. संवाद आठवून आपली पाळी येण्याची वाट पाहणारे नट खूप असतात. समोरच्याचं बोलणं हॅकमनला खरोखर पहिल्यांदाच कळतंय असं वाटतं.

त्याच्या आयुष्यातलं फार काही माहीत असायची गरज नाही, पण तीन गोष्टी जवळ ठेवा. त्याचा जन्म १९३० चा, वाढला इलिनॉय राज्यातल्या डॅनव्हिल गावात. तो १३ वर्षांचा असताना वडील घर सोडून गेले. पोरगा रस्त्यावर खेळत होता, वडील गाडीतून जाताना त्यांनी नुसता हात हलवला आणि ते निघून गेले. एवढ्याशा हालचालीत केवढं काही असू शकतं हे आपल्याला तेव्हा कळलं, असं तो पुढे सांगत असे. दुसरी गोष्ट, वय खोटं सांगून तो १६ व्या वर्षी मरीन दलात भरती झाला. आणि तिसरी, कॅलिफोर्नियातल्या पॅसाडीना प्लेहाउस या नाट्यसंस्थेत त्याच्या आणि पुढे मोठा नट झालेल्या डस्टिन हॉफमनच्या सोबत्यांनी या दोघांना 'यशाची सर्वांत कमी शक्यता असलेले' ठरवलं होतं. त्यानंतर न्यूयॉर्कमध्ये दरवानापासून मालवाहू गाडीवरच्या हमालीपर्यंत कामं करत त्याने रंगभूमीवर पाय रोवले. पडद्यावर नाव झालं तेव्हा तो पस्तिशी ओलांडून गेला होता. म्हणून त्याच्या कामात तरुण नायकाचा काळच नाही. तो आपल्याला भेटतो तो आयुष्याने थोडा झिजवलेला माणूस म्हणूनच.

पायरी २: पहिली संध्याकाळ 'क्रिमसन टाइड'

जाणकार मंडळी मला यासाठी नावं ठेवतील, पण पहिला सिनेमा १९९५ चा 'क्रिमसन टाइड' घ्या. दिग्दर्शक टोनी स्कॉट. अण्वस्त्रं घेऊन निघालेली अमेरिकन पाणबुडी, अर्धवट आलेला आदेश, आणि क्षेपणास्त्रं डागायची की थांबायचं यावरून कॅप्टन रॅम्झी (हॅकमन) आणि त्याचा दुय्यम अधिकारी हंटर (डेन्झेल वॉशिंग्टन) यांच्यात पेटलेला संघर्ष. दोन तासांत संपतो, गोष्ट कळायला सोपी, आणि समोर तोडीस तोड नट.

सुरुवातीलाच एक प्रसंग आहे. पाणबुडी पाण्याखाली जाण्याआधी दोघे वर उभे राहून मावळतीचा प्रकाश पाहतात. रॅम्झी सिगार ओढत हंटरला शाबासकी देतो, कारण अशा वेळी गप्प कसं राहायचं हे त्याला कळलं. या एका वाक्यात तो माणूस आपल्याला आवडून जातो, आणि पुढे त्याचीच भीती वाटायला लागते. शेवटाकडे दोघांना तीन मिनिटं नुसती वाट पाहायची आहे. जगाचं भवितव्य टांगणीला लागलंय आणि कॅप्टन चक्क घोड्यांच्या एका जातीबद्दल बोलायला लागतो. बोलणं घोड्यांच्या रंगाचं, पण त्याखाली समोरच्या कृष्णवर्णीय अधिकाऱ्याला टोचायचा डाव आहे, आणि हंटर त्याच शब्दांत ते परतवतो. हॅकमनचं ते घशातलं हसू इथे स्पष्ट ऐकू येतं. ते एकदा कानात बसलं की पुढचे सिनेमे सोपे होतात.

पायरी ३: 'द फ्रेंच कनेक्शन', म्हणजे न आवडणारा नायक

आता १९७१ मध्ये जा. विल्यम फ्रीडकिनचा हा सिनेमा न्यूयॉर्कमधल्या हेरॉइनच्या एका खऱ्या प्रकरणावरून आला. जिमी 'पॉपाय' डॉयल हे पात्र एडी इगन या खऱ्या पोलिसावर बेतलेलं आहे, आणि गंमत म्हणजे इगन स्वतः सिनेमात डॉयलच्या वरिष्ठाच्या भूमिकेत आहे. सर्वोत्कृष्ट चित्रपटासह पाच ऑस्कर मिळाले, त्यातलं एक हॅकमनला.

ब्रुकलिनमध्ये उन्नत रेल्वेच्या खालून गाडी हाणत वरच्या गाडीचा पाठलाग करणारा प्रसंग सगळ्यांनी ऐकलेला असतो. तो थरारक आहेच. पण माझ्या मते या सिनेमातला खरा हॅकमन एका साध्या, शांत जागी दिसतो. फ्रेंच तस्कर उबदार रेस्तराँत बसून साग्रसंगीत जेवतोय. रस्त्यापलीकडे कडाक्याच्या थंडीत डॉयल उभा. हातात पिझ्झाचा तुकडा, कागदी पेल्यात बेचव कॉफी. तो पाय आपटतो, हात चोळतो, शेवटी कॉफी रस्त्यावर ओतून देतो. एकही शब्द नाही. पण त्या माणसाचा सगळा हट्ट, सगळा मत्सर आणि कामापायी आलेलं वेड तिथे दिसतं.

नवख्यांना आधीच सांगून ठेवतो, डॉयल हा चांगला माणूस नाही. तो वंशद्वेषी आहे, मारकुटा आहे, आणि सिनेमा ते लपवत नाही. हॅकमनलाही चित्रीकरणाच्या सुरुवातीला या क्रूरपणाशी जुळवून घेणं जड गेलं होतं. अलीकडे काही डिजिटल प्रतींमधून सुरुवातीचा, डॉयलच्या तोंडी वंशद्वेषी शब्द असलेला काही सेकंदांचा तुकडा कापलेला आढळला. शक्य असेल तर न कापलेली प्रत पाहा. तो शब्द ऐकून त्रास होतो आणि तो व्हायलाच हवा. कापल्यावर डॉयल उगाच थोडा बरा माणूस ठरतो.

पायरी ४: 'द कॉन्व्हर्सेशन', आणि तोही इयरफोन लावून

दोन सिनेमे झाले की इथे या. घाईत नको. घरात शांतता असेल अशी रात्र निवडा, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा आणि इयरफोन लावा. इयरफोनचा आग्रह वरवरचा नाही, कारण हा सिनेमा ऐकण्याबद्दलचाच आहे.

१९७४. फ्रान्सिस फोर्ड कपोलाने 'गॉडफादर'च्या दोन भागांच्या मध्ये हा सिनेमा केला. हॅकमन इथे हॅरी कॉल आहे, सॅन फ्रान्सिस्कोत दुसऱ्यांची संभाषणं चोरून ध्वनिमुद्रित करून देणारा तंत्रज्ञ. आपल्या धंद्यातला सर्वांत निष्णात माणूस. सुरुवातीला युनियन स्क्वेअर या चौकात एक तरुण जोडपं गर्दीतून फेऱ्या मारत बोलतंय, आणि हॅरीची माणसं लांब पल्ल्याच्या मायक्रोफोनांनी त्यांचं बोलणं टिपतायत. पुढचा सगळा सिनेमा म्हणजे त्या फितीची पुन्हा पुन्हा छाननी. गोंगाट काढायचा, एक शब्द मोकळा करायचा, परत ऐकायचं. वॉल्टर मर्चने ध्वनीचं जे काम केलंय ते आजही ध्वनिसंयोजन शिकणाऱ्यांना दाखवलं जातं. एक वाक्य तुमच्या कानावर अनेकदा पडेल. प्रत्येक वेळी त्यातल्या कुठल्या शब्दावर जोर आहे ते ऐकत राहा. याहून जास्त सांगणार नाही.

आता हॅकमनकडे बघा. पॉपाय डॉयल खोलीत शिरला की सगळी जागा व्यापायचा. हॅरी कॉल जागा व्यापतच नाही. खांदे आत ओढलेले, जाड काड्यांचा चष्मा, मिशी, आणि पाऊस असो वा नसो अंगात पातळसर पारदर्शक रेनकोट. दुसऱ्यांचं सगळं ऐकणाऱ्या या माणसाला आपल्याबद्दल कुणाला काही कळलेलं चालत नाही. घरमालकीण वाढदिवसाची भेट त्याच्या बंद खोलीत ठेवून जाते, आणि त्याला आनंद होण्याऐवजी घाम फुटतो, की माझ्या खोलीची किल्ली हिच्याकडे कशी? तो फोन करून तिच्याशी अत्यंत सभ्यपणे बोलतो. त्या सभ्यपणात जी दहशत भरलीय ती ऐकण्यासारखी आहे.

आणि ते हसू? इथे शोधूनही सापडत नाही. एका पार्टीत हॅरी थोडा मोकळा होतो, एका बाईशी मनातलं काही बोलतो, आणि थोड्याच वेळात धंद्यातला एक प्रतिस्पर्धी त्याचं ते बोलणं फितीवर वाजवून दाखवतो. इतरांना ती थट्टा वाटते. हॅकमनचा चेहरा त्या क्षणी कसा मिटतो ते पाहा. दार उघडं राहिलं होतं ते आतून बंद झालं, बस. त्यानंतर तो सगळ्यांना निघून जायला सांगतो.

या सिनेमाला फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवातला सर्वोच्च सन्मान मिळाला. ऑस्करला मात्र हॅकमनला साधं नामांकनही नव्हतं. त्याच्या पाच नामांकनांत हे काम नाही, हे मला आजही अन्यायाचं वाटतं.

सिनेमा संपल्यावर दोन दिवस जाऊ द्या, मग १९९८ चा 'एनिमी ऑफ द स्टेट' लावा. विल स्मिथबरोबरचा हा धावता थरारपट. त्यात हॅकमन ब्रिल नावाचा, भूमिगत राहणारा हेरगिरीतज्ज्ञ आहे. त्याच्या जुन्या सरकारी फाइलमधला फोटो 'द कॉन्व्हर्सेशन'मधल्या हॅरीचा आहे. तो फोटो पडद्यावर येतो तेव्हा तुम्हाला जे वाटेल ते फक्त आधीचा सिनेमा पाहिलेल्यालाच वाटतं.

पायरी ५: थोडा श्वास घ्या, हसा

याच १९७४ सालात हॅकमनने मेल ब्रुक्सच्या 'यंग फ्रँकेन्स्टाइन'मध्ये जेमतेम पाच मिनिटांचं काम केलं. पहिल्या प्रदर्शनाच्या वेळी श्रेयनामावलीत त्याचं नावही नव्हतं. एकाकी, आंधळा साधू. घरी पाहुणा यावा म्हणून देवाला विनवतोय आणि दारात येतो तो राक्षस. साधू आनंदाने त्याला गरम सूप वाढतो, पण वाडग्याऐवजी मांडीवर, आणि चिरूट पेटवायच्या नादात त्याचा अंगठाच पेटवतो. हॅकमन यातलं काहीही विनोदी समजून करत नाही. त्या साधूचा पाहुणचार शंभर टक्के मनापासूनचा आहे, म्हणून हसून पोट दुखतं. एका वर्षात हॅरी कॉल आणि हा साधू. अष्टपैलू शब्दाचा अर्थ विचारणाऱ्याला मी या दोन सिनेमांची नावं सांगतो.

याच ओळीत १९९६ चा 'द बर्डकेज' घ्या. रॉबिन विल्यम्स आणि नेथन लेन यांच्या घरी जेवायला आलेला कर्मठ सिनेटर हॅकमनने केलाय. प्रवासात दिसलेल्या झाडांच्या पानांच्या रंगांबद्दल तो इतकं रटाळ आणि इतकं तन्मय होऊन बोलतो की ऐकत राहावंसं वाटतं. शेवटाला त्याची जी वेशभूषा होते ती तुम्हीच बघा. या सिनेमामागे एक जुनी गोष्ट आहे. दिग्दर्शक माइक निकल्सने १९६७ च्या 'द ग्रॅज्युएट'च्या तालमीतून हॅकमनला काढून टाकलं होतं. त्या सिनेमाचा नायक होता त्याचा जुना मित्र डस्टिन हॉफमन. पण त्याच वर्षी आलेल्या 'बॉनी अँड क्लाइड'मधल्या क्लाइडच्या भावाच्या कामाने हॅकमनला पहिलं ऑस्कर नामांकन मिळवून दिलं. आणि निकल्सने पुढे त्याला पुन्हा बोलावलं.

'सुपरमॅन' (१९७८) परत पाहायचा असेल तर याच सुमारास पाहा. ल्युथरसाठी मिशी काढायला हॅकमन तयार नव्हता. तुम्ही काढली तर मीही माझी काढतो, असं दिग्दर्शक रिचर्ड डॉनर म्हणाला. हॅकमनने काढली, मग डॉनरने आपली मिशी ओढून हातात घेतली. ती नकली होती.

पायरी ६: 'अनफरगिव्हन'

१९९२, दिग्दर्शक क्लिंट ईस्टवुड. हिंसाचार आहे म्हणून हॅकमनने हा सिनेमा आधी नाकारला होता. ईस्टवुडने समजूत घातली. सिनेमाला चार ऑस्कर मिळाले, त्यात हॅकमनचं दुसरं.

याआधी एखाददुसरा जुना वेस्टर्न, म्हणजे घोडेस्वार आणि बंदूकबाजांचा अमेरिकन सिनेमा, पाहिलेला असेल तर बरं, म्हणजे हा सिनेमा काय मोडतोय ते कळेल. नसेल पाहिला तरी अडत नाही. १८८० च्या दशकातलं वायोमिंगमधलं बिग व्हिस्की नावाचं गाव. शेरीफ लिटल बिल डॅगेट. त्याला गावात शांतता हवी आहे, म्हणून बंदुका आणायला बंदी. मोकळ्या वेळात तो स्वतःच्या हाताने घर बांधतोय, आणि सुतारकामात तो अगदीच कच्चा आहे. छप्पर गळतं, खाली भांडी ठेवावी लागतात. बाहेरून बघितलं तर काय वाईट आहे या माणसात?

आपल्याकडे निळू फुले आवाज न चढवता धडकी भरवायचे, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना लिटल बिल लगेच कळेल. इंग्लिश बॉब नावाचा बंदूकबाज गावात येतो. बिल त्याच्याशी हसून, जुनी ओळख असल्यासारखं बोलतो. तेच घशातलं हसू. आणि मग भर रस्त्यात, सगळ्या गावासमोर लाथांनी तुडवतो. मारतानाही त्याला आपण कायदा राखतोय असंच वाटतंय. स्वतःच्या चांगुलपणाबद्दल इतकी खात्री असलेला क्रूर माणूस मी पडद्यावर दुसरा पाहिलेला नाही.

त्यानंतरचा तुरुंगातला प्रसंग दोनदा पाहा. बिल एका लेखकाला समजावतोय की बंदुकीच्या झुंजीत वेग नव्हे, थंड डोकं जिंकतं. बोलता बोलता तो त्याच्या हातात पिस्तूल देतो, मग ते गजांआडच्या इंग्लिश बॉबपुढे धरायला सांगतो. त्यात गोळ्या आहेत की नाहीत? प्रसंगभर हॅकमन निवांत, जवळजवळ मजेत आहे. आपण मात्र श्वास धरून बसतो. आणि त्या अर्धवट घराचा उल्लेख अगदी शेवटी परत येतो, तिकडे कान असू द्या.

पायरी ७: घरच्यांबरोबर एक, वाद घालायला एक

वरचे बहुतेक सिनेमे लहान मुलांसमोर लावण्यासारखे नाहीत. मुलांना घेऊन पाहायचा तर 'हूजियर्स' (१९८६). इंडियानातल्या खेड्यातला शाळेचा बास्केटबॉल संघ आणि भूतकाळात काहीतरी चूक करून आलेला प्रशिक्षक नॉर्मन डेल. १९५४ साली मिलान या छोट्या गावातल्या शाळेने राज्याचं अजिंक्यपद जिंकलं होतं, त्यावरून ही गोष्ट सुचली. अंतिम सामन्याआधी पोरं एवढं मोठं मैदान पाहून दबकतात, तेव्हा डेल टेप मागवून रिंगची उंची आणि फ्री थ्रोचं अंतर मोजायला लावतो. दहा फूट, पंधरा फूट. आपल्या गावातल्याइतकंच. खेळ कळत नसला तरी हा प्रसंग कळतो. माझ्या भाचीने तो पाहून दुसऱ्या दिवशी आपल्या शाळेचं मैदान मोजलं.

'मिसिसिपी बर्निंग' (१९८८) मात्र डोळे उघडे ठेवून पाहा. १९६४ मध्ये मिसिसिपीत जेम्स चेनी, अँड्र्यू गुडमन आणि मायकल श्वर्नर या तीन नागरी हक्क कार्यकर्त्यांचा खून झाला, त्या घटनेवर बेतलेली ही काल्पनिक कथा. हॅकमन दक्षिणेतच वाढलेला एफबीआय अधिकारी अँडरसन आहे. शेजारच्या कृष्णवर्णीय शेतकऱ्याने घेतलेलं खेचर आपल्या बापाने जळफळाटातून कसं मारलं, हे तो सांगतो. हा प्रसंग द्वेष कुठून येतो हे इतक्या थोडक्यात सांगतो की थक्क व्हायला होतं. पण सिनेमात लढा देणारे कृष्णवर्णीय लोक मागे उभे आहेत आणि सगळं शौर्य एफबीआयच्या गोऱ्या अधिकाऱ्यांच्या वाट्याला आलंय. त्या काळातली एफबीआय या चळवळीकडे संशयानेच पाहत होती. तेव्हाही यावर कडक टीका झाली आणि ती रास्त होती. अभिनय अप्रतिम, इतिहास वाकडा. दोन्ही एकाच वेळी मनात ठेवून पाहता येतं.

पायरी ८: आता खोल पाण्यात

इथवर आलात तर तुम्ही नवखे राहिला नाहीत. पुढचे तीन संथ आहेत, पण मला फार जवळचे.

'स्केअरक्रो' (१९७३) मध्ये तो आणि अल पचिनो रस्त्याने भटकणारे दोन निष्कांचन. हॅकमनचा मॅक्स एकावर एक कपडे घालून फिरतो, कुणावरही धावून जातो आणि पिट्सबर्गला गाड्या धुण्याचा धंदा काढायचं स्वप्न बाळगतो. एका बारमध्ये हाणामारी होणार असं वाटत असतानाच तो मारामारी सोडून एकेक कपडा काढत नाचायला लागतो. मित्रासाठी एक माणूस बदलतोय, आणि ते आपल्याला कपड्यांच्या थरांतून दिसतं.

'नाइट मूव्ह्ज' (१९७५) मध्ये तो हॅरी मोझबी नावाचा खाजगी गुप्तहेर. बुद्धिबळातला एक जुना डाव त्याच्या मनात घोळतोय. १९२२ सालचा. एका खेळाडूला घोड्याच्या तीन चालींत जिंकता येत होतं, त्याला ते दिसलंच नाही. हॅरी ते सांगताना दुसऱ्याच्या चुकीबद्दल बोलतोय असं त्याला वाटतं. सिनेमा संपल्यावर तुम्हाला तो डाव आठवेल.

आणि 'आय नेव्हर सँग फॉर माय फादर' (१९७०). म्हातारा, हेकट बाप आणि त्याच्यावर प्रेम करू पाहणारा, पण न जमणारा चाळिशीतला मुलगा. मेल्विन डग्लसने बाप केलाय. गाडीतून हात हलवून गेलेल्या बापाचा मुलगा हे काम करतोय, हे तुम्हाला आता माहीत आहे. ज्यांचं आपल्या वडिलांशी काही बोलायचं राहून गेलंय त्यांनी तो एकट्याने पाहावा.

वगळायचं काय? 'सुपरमॅन ४' (१९८७) आणि 'लूज कॅनन्स' (१९९०) सोडून दिले तर काही बिघडत नाही. 'वेलकम टू मूसपोर्ट' (२००४) हा त्याचा शेवटचा सिनेमा. त्यानंतर त्याने अभिनय थांबवला, कादंबऱ्या लिहिल्या, चित्रं काढली. पण निरोपासाठी तो सिनेमा निवडू नका.

पायरी ९: निरोपाला 'द रॉयल टेननबॉम्स'

२००१. वेस अँडरसनने रॉयल ही भूमिका त्याच्यासाठीच लिहिली होती. हॅकमन सहजासहजी तयार झाला नाही. वकिलीची सनद गेलेला, वर्षानुवर्षं हॉटेलात राहिलेला, बायकामुलांना टाकून दिलेला हा बाप पैसे संपल्यावर पोटाचा कर्करोग झाल्याची थाप मारून घरी परततो. यातलं त्याचं हसू शुद्ध लबाडीचं आहे. नातवांना घेऊन तो शहरभर उंडारतो, दुकानातून दूध चोरायला शिकवतो, आणि आपण नकळत या नालायक माणसाच्या बाजूचे होतो. गोल्डन ग्लोब मिळाला, ऑस्करने पुन्हा दुर्लक्ष केलं.

संपूर्ण सिनेमाभर थोरला मुलगा चॅस (बेन स्टिलर) बापाशी नीट बोलत नाही. त्याची बायको विमान अपघातात गेलीय, तो आणि त्याची दोन मुलं सारखेच लाल ट्रॅकसूट घालून फिरतात, आणि त्याचा राग ओसरत नाही. शेवटाकडे सगळा गोंधळ उडून गेल्यावर चॅस एक साधं वाक्य बोलतो, की हे वर्ष आपल्याला फार जड गेलं. आणि बापाला बाप म्हणतो. रॉयल उत्तरादाखल चारपाच शब्द बोलतो, मुलाला लहानपणीच्या नावाने हाक मारत. थाप नाही, हसू नाही. तो प्रसंग आला की सबटायटल वाचू नका. शब्द सोपे आहेत, कळतील. तुम्ही त्याच्याकडे बघा.